चौकोनात हरवलेला च

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घरच्या संगणकावर स्वतःचं अक्षर, स्वतःचं चिन्ह कसं तयार करावं यावर मजकूर आला होता. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार आनंद झाला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा हुरहुर लागली. अक्षर काढायचं कसं, हे त्यात नीट सांगितलं आहे. काढलेलं अक्षर दुसऱ्याकडे पोचवायचं कसं, याबद्दल मात्र ‘फाइल पाठवून द्या’ एवढं एकच वाक्य आहे. त्या एका वाक्यात माझी जवळजवळ चार वर्षं गेली, म्हणून हे पत्र. जागेअभावी काटछाट करावी लागली तर जरूर करावी, पण नुक्त्याचा, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाचा, भाग ठेवावा ही विनंती.

मी मराठी शिकवते. माझे विद्यार्थी म्हणजे मातृभाषा मराठी नसलेली मोठी माणसं. त्यांना लिपी महिन्याभरात येते, व्याकरणही हळूहळू जमतं. अडतं ते च, ज आणि झ या तीन अक्षरांपाशी. ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांची सुरुवात कागदावर अगदी सारखी दिसते. पण ‘चार’ म्हणताना जीभ टाळूला लागते आणि ‘चारा’ म्हणताना दातांच्या मागे. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतले झ वेगळे. थोडंसं या अर्थाचा ‘जरा’ वेगळा आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ वेगळा. आपल्याला हे कुणी शिकवलेलं नसतं, कानातून आलेलं असतं. नव्याने शिकणाऱ्याला मात्र प्रत्येक शब्दापाशी थांबून विचारावं लागतं, ‘बाई, हा कुठला च?’ व्याकरणात यांना तालव्य आणि दंततालव्य अशी नावं आहेत, पण नावाने वाचताना मदत होत नाही. वाचताना मदत होते ती खुणेने.

म्हणून मी ठरवलं, शिकवण्याच्या पुस्तिकेपुरता दंततालव्य च वेगळा काढायचा. पोटात एक छोटी तिरकी रेघ असलेला च.

विंडोजमध्ये ‘प्रायव्हेट कॅरॅक्टर एडिटर’ नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. स्टार्ट मेनूत तो सहसा दिसत नाही. विंडोजची कळ आणि आर दाबून आलेल्या खिडकीत ‘ईयूडीसीएडिट’ असं रोमन लिपीत लिहिलं की उघडतो. समोर चौकटींची जाळी येते, पेन्सिल येते, खोडरबर येतं. शेजारी नमुन्यासाठी दुसरं एखादं अक्षर उघडून ठेवता येतं. मी नेहमीचा च ठेवला होता. एकेक चौकट काळी करत गेले. ते काम मला इतकं आवडलं की दुपारची संध्याकाळ झालेली कळली नाही. अक्षर झालं की त्याला एक क्रमांक द्यायचा. हे क्रमांक ई००० पासून एफ८एफएफ पर्यंत आहेत. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक देणारी ठरलेली यादी; हा तिने मोकळा सोडून दिलेला पट्टा आहे, ६,४०० जागांचा. या जागांवर युनिकोड स्वतः कधीही कुठलं अक्षर बसवणार नाही, ज्याने त्याने आपापसांत ठरवून वापराव्यात, अशी हमी आहे. (याच कारणासाठी आणखी दोन मोठे पट्टे वर आहेत, प्रत्येकी ६५,५३४ जागांचे; घरच्या कामाला पहिलाच पुरतो.)

माझा च ई००० वर बसला. मोठ्या उत्साहाने मी त्याला काना जोडला, आणि काना बाजूला जाऊन उभा राहिला, एका तुटक ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून. मला वाटलं, माझं चित्र चुकलं. चित्र बरोबर होतं. संगणकाच्या लेखी ई००० हे देवनागरी अक्षरच नव्हतं. काना, वेलांटी, उकार हे देवनागरी व्यंजनाला जोडायचे, एवढंच त्याला माहीत. माझा नवा च कुठल्या लिपीचा, व्यंजन की विरामचिन्ह, त्याच्या आधी वेलांटी येते की नंतर, यातलं काहीच त्या क्रमांकामागे लिहिलेलं नाही आणि लिहिलेलं असूही शकत नाही, कारण दुसऱ्या कुणाच्या घरी त्याच क्रमांकावर झाडाचं पान असेल. ज्या व्यंजनाला काना मात्रा लागत नाही ते देवनागरीत काय कामाचं?

तरी मी हट्ट सोडला नाही. च, चा, चि, ची अशी बाराखडी बारा वेळा वेगवेगळी काढली. मग जची, मग झची. छत्तीस अक्षरं, ई००० पासून ई०२३ पर्यंत (हे आकडे सोळाच्या पटीत मोजतात, म्हणून ०२३ म्हणजे पस्तीस, आणि शून्य धरून छत्तीस). कुठल्या क्रमांकावर काय आहे त्याचा तक्ता भिंतीला लावला. पुस्तिका तयार झाली, माझ्या पडद्यावर सुरेख दिसली, मी ती विद्यार्थ्यांना पाठवली.

पहिला निरोप आला तो असा: ‘बाई, फाइल खराब आली आहे, सगळीकडे चौकोन आहेत.’

मी अक्षर पाठवलं नव्हतं. मी फक्त ई००० हा क्रमांक पाठवला होता. अक्षराचं चित्र माझ्या संगणकाच्या फॉन्ट-फोल्डरमध्ये ‘ईयूडीसी’ नावाच्या फाइलीत बसून होतं. ज्याच्याकडे ती फाइल नाही त्याला रिकामा चौकोन. या चौकोनाला फॉन्टवाले लोक टोफू म्हणतात. नोटो या फॉन्टकुटुंबाचं नावच ‘नो टोफू’ यावरून, म्हणजे ‘चौकोन नको’ यावरून आलं आहे. मग आपल्या पुरवणीतल्या सल्ल्याप्रमाणे मी फाइल पाठवून दिली. एका विद्यार्थिनीने ती जागेवर टाकली आणि तिने स्वतः हौसेने काढून ठेवलेली चिन्हं पुसली गेली, कारण तिच्याकडेही त्याच नावाची फाइल होती आणि तिचीही सुरुवात ई००० पासूनच होती. मला त्याचं अजून वाईट वाटतं. ज्यांच्याकडे फक्त फोन होता त्यांना ही फाइल टाकायची सोयच नव्हती.

मग मी पीडीएफ केली. पीडीएफमध्ये फॉन्ट आत शिवून जातो, त्यामुळे सगळ्यांना सगळं दिसू लागलं. मी निश्चिंत झाले. पण दिसणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. त्या वर्षी माझ्याकडे एक गृहस्थ शिकत होते, त्यांना दिसत नाही. ते स्क्रीन रीडर वापरतात. पडद्यावरचा मजकूर संगणक त्यांना वाचून दाखवतो. मी ‘चारा’ लिहिलं होतं आणि त्यांना नुसतं ‘रा’ ऐकू आलं. ‘माझा’चं ‘मा’. पाच-सात वाक्यं त्यांनी शांतपणे ऐकली आणि मग मला विचारलं की या धड्यातले शब्द मुद्दाम अर्धवट ठेवले आहेत का, गाळलेल्या जागा भरायच्या आहेत का. ज्या अक्षराकडे लक्ष वेधावं म्हणून मी एवढा खटाटोप केला, नेमकं तेच अक्षर त्यांच्यासाठी नाहीसं झालं होतं.

त्या दिवशी मला दादाच्या संगणकाची आठवण झाली. संपादक महाशय, थोडं विषयांतर वाटेल, पण ते नाही.

दादाकडे झेडएक्स स्पेक्ट्रम होता, १९८२ साली निघालेला, टीव्हीला जोडायचा. त्यात स्वतःची अक्षरं काढायला एकवीस जागा होत्या. एक अक्षर म्हणजे आठ बाय आठ ठिपके. प्रत्येक ओळीचा एक आकडा, आठ ओळींचे आठ आकडे. आम्ही चौकटीच्या वहीत आधी अक्षर काढायचो, मग डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशी बेरीज करायचो. सगळ्यात वरची ओळ पूर्ण भरली की २५५. ती शिरोरेघ. सगळ्या अक्षरांना वर २५५ दिलं की शेजारशेजारची अक्षरं आपोआप जोडली जायची, आणि टीव्हीवर ती अखंड रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा आम्ही दोघं ओरडलो होतो. एकवीस जागांत देवनागरी मावत नाही हे उघड आहे. म्हणून कुठली एकवीस घ्यायची यावर आमची भांडणं व्हायची; ठ आणि ढ नेहमी बाहेर राहायचे.

अक्षरं कॅसेटवर साठवायची. एकवीस गुणिले आठ, १६८ बाइट, टेपवर काही क्षणांची चिरचिर. दादाच्या मित्राला आमचा शब्दकोड्याचा खेळ दिला तेव्हा दादाने एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती: आधी अक्षरांची टेप चढव, मग खेळ. मित्र विसरला. त्याच्या टीव्हीवर आमच्या मराठी शब्दांच्या जागी ए, बी, सी असली इंग्रजी अक्षरं आली. कारण त्या एकवीस जागांवर संगणक चालू होताना ए पासून यू पर्यंतची मोठी अक्षरं भरलेली असतात; तुम्ही त्यांवर आपली काढता. पुढे मित्राने स्वतःची चित्रं त्याच जागांवर काढली, आणि त्याची टेप आमच्याकडे चढवली की आमची देवनागरी जाऊन तिथे त्याची विमानं यायची.

तेव्हा एकवीस जागा होत्या, आता ६,४०० आहेत. माझ्या विद्यार्थिनीच्या संगणकावर जे झालं ते मात्र तेच. ई००० ही जागा प्रत्येकाला पहिली सुचते. संगीतलिपीच्या फॉन्टसाठी ‘स्मफल’ नावाची एक मांडणी ठरलेली आहे, त्यात ई००० वर महिरपी कंस आहे. ॲपलच्या संगणकांवर एफ८एफएफ या शेवटच्या जागेवर त्या कंपनीचं सफरचंद असतं. असंख्य ॲपमधली घराची, पाकिटाची, घंटेची छोटी चित्रं याच पट्ट्यात बसवलेली असतात. यात चूक कुणाचीच नाही, पट्टा त्यासाठीच आहे. पण तुमचा क्रमांक तुमच्या फॉन्टशिवाय काहीच सांगत नाही, हे माहीत असल्याशिवाय अक्षर वाटायला घेऊ नये.

याहून वाईट मार्गही आहे, आणि तो आपल्या भाषेने पुष्कळ वर्षं भोगला. इंग्रजी अक्षराच्या जागेवरच मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. युनिकोड रुळण्याआधीचे कितीतरी मराठी फॉन्ट असेच होते. त्या काळी दुसरा इलाज नव्हता, त्यांना दोष देत नाही. त्यांच्यामुळेच मराठी छापखाने संगणकावर आले. पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अख्खा लेख इंग्रजी अक्षरांचा रगडा होऊन पडायचा, आणि एका फॉन्टमधला रगडा दुसऱ्या फॉन्टमध्ये वेगळाच व्हायचा. रुपयाच्या चिन्हाचं अनेकांना आठवत असेल. जुलै २०१०मध्ये ₹ हे चिन्ह ठरलं. युनिकोडमध्ये ते आलं ऑक्टोबर २०१०मध्ये. मधल्या काळात एक फॉन्ट निघाला, त्यात कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यातल्या उलट्या अवतरणचिन्हाच्या जागेवर हे नवं चिन्ह होतं. ज्यांनी त्यात हिशेब लिहिले त्यांच्या त्या कागदांत, तो फॉन्ट नसेल तिथे, रकमेआधी अजून ते तिरकं टिंबच दिसतं. तीन महिने थांबलं असतं तर तसं झालं नसतं.

आता नुक्त्याकडे येते.

मुद्रितशोधन करणाऱ्या माझ्या एका जुन्या मैत्रिणीला मी ही छत्तीस अक्षरं कौतुकाने दाखवली. तिने तक्ता पाहिला आणि विचारलं, ‘तुला चखाली टिंब चालणार नाही का?’ उर्दूतून आलेला ‘ज़’ आपण पाहिलेला असतो. ते खालचं टिंब, नुक्ता, हे युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह आहे, देवनागरीच्या पट्ट्यात, ०९३सी या जागेवर. ते फक्त जला नाही, कुठल्याही व्यंजनाला लावता येतं. काश्मिरी भाषा देवनागरीत लिहितात तेव्हा नेमका हाच दातांमागचा च दाखवायला चखाली नुक्ता देतात. म्हणजे मला हवं असलेलं अक्षर आधीपासून होतं: च़. मी ते टंकलं. काना जोडला, च़ा झालं. वेलांटी दिली, जिथे यायला हवी तिथे आली. फोनवर पाठवलं, तिकडे दिसलं. त्या गृहस्थांना पाठवलं, त्यांना ‘चारा’ अख्खा ऐकू आला. आणि एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये टिंब नीट दिसलंच नाही तरी खाली च शिल्लक राहतोच. शब्द मोडत नाही. माझी तिरकी रेघ च़च्या टिंबापेक्षा देखणी होती असं मला अजूनही वाटतं, पण ती मी सोडली.

चार वर्षांची मेहनत एका टिंबाने संपली, याचं दुःख झालं का? त्या रात्री झालं. पण मला ज्याचं खरं वाईट वाटतं ते हे की स्वतःचं अक्षर काढण्याबद्दल मी जे जे वाचलं होतं, त्यात पहिली पायरी पेन्सिल हीच होती. पेन्सिल हातात घेण्याआधी, हे अक्षर असलेल्या अक्षरांना जोडून होतं का ते पाहा, असं कुठेच नव्हतं. आपल्या पुरवणीतही नाही. नव्या चिन्हांपैकी बरीच अशी जोडून होणारी असतात. ‘ऱ्य’मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र कळफलकावर सापडत नाही म्हणून तो वेगळा काढायला बसलेली माणसं मी पाहिली आहेत; तो ऱ, हलन्त आणि य असा सरळ टंकला की येतो. अवग्रह, वैदिक स्वरांच्या उभ्याआडव्या रेघा, हे सगळं युनिकोडमध्ये आधीच आहे.

आणि जोडून होणाऱ्यातही नीट जोडावं लागतं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र द्यायचे. दोन्ही दिसायला जुळी, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं. माझ्याच पुस्तिकेत मी ‘ॲप’ शोधलं की काही पानं सापडतात आणि काही लपून बसतात, कारण जुन्या पानांवर अ आणि चंद्र आहे. आता तयार अक्षर आहे तर तेच वापरावं.

मग खासगी जागेची गरज कधीच नसते का? असते. माझ्या पुस्तिकेत तोंडाच्या आतल्या बाजूची छोटी चित्रं आहेत, जीभ कुठे टेकते ते दाखवणारी. एक दातांमागे, एक टाळूला, एक मूर्धेला टेकलेली ळ आणि ण साठी. सहा चित्रं. ओळीच्या मध्ये, शब्दाच्या शेजारी, अक्षराएवढ्याच आकाराची हवीत, आणि ती कुठल्याही लिपीत नाहीत. त्यांना काना मात्रा लागत नाही, ती एकटी उभी असतात. अशा चिन्हासाठी ई००० चा पट्टा अगदी योग्य. ती मी ठेवली. फक्त या वेळी वाटण्याची रीत बदलली.

आता मी विंडोजच्या त्या प्रोग्राममध्ये काढत नाही, फॉन्टफोर्जमध्ये काढते. हा प्रोग्राम फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्यात ठिपके भरत नाहीत, वळणं काढतात, म्हणून अक्षर कितीही मोठं केलं तरी कडा गुळगुळीत राहते. पहिल्यांदा उघडला की घाबरायला होतं; मी पहिले आठ दिवस त्यात फक्त एक गोल काढत होते. पण शेवटी हातात येते ती स्वतःचं नाव असलेली सुटी फॉन्ट-फाइल. ती दुसऱ्याच्या संगणकावरच्या कुठल्याही फाइलीवर पाय देत नाही. नको झाली की काढून टाकता येते. वेबपानाबरोबर पाठवता येते, म्हणजे फोनवरही दिसते.

फॉन्टबरोबर मी एक साधी मजकूर-फाइल पाठवते. कुठल्या क्रमांकावर काय आहे, ते एका ओळीत एक. ‘ई१००: जीभ वरच्या दातांमागे.’ आमची चार-पाच शिकवणारी मंडळी आहेत, आम्ही पट्टा वाटून घेतला: माझी चित्रं ई१०० पासून, दुसरीच्या खुणा ई२०० पासून. एवढं केल्यावर कुणाचं काही पुसलं गेलेलं नाही. हे काही आमचं डोकं नव्हे. मध्ययुगीन लॅटिन हस्तलिखितांचे अभ्यासक याच अडचणीत होते. जुन्या लेखनिकांची संक्षेपचिन्हं कुठल्याच फॉन्टमध्ये नव्हती. त्यांनी २००१ साली ‘मुफी’ नावाने एकत्र येऊन खासगी पट्ट्यातले क्रमांक आपापसांत ठरवले, याद्या प्रसिद्ध केल्या, सगळ्यांनी तेच क्रमांक वापरले. पुढे त्यांतली दीडशेच्या आसपास चिन्हं युनिकोडने रीतसर स्वीकारली, तीही २००८च्या ५.१ आवृत्तीतच, आपल्या ‘ॲ’बरोबर. एकट्याने घरी काढलेलं चिन्ह जगाच्या अक्षरसंचात जाऊ शकतं ते असं, यादी करून आणि इतरांशी जुळवून घेऊन.

आणि चित्राशेजारी मी शब्दही लिहिते, निदान पहिल्यांदा येतं तिथे. ‘(दातांमागे)’. चित्र दिसो वा न दिसो, ऐकणाऱ्याला काहीतरी मिळतं.

एक गोष्ट मला उशिरा कळली, ती इतरांना लवकर कळावी. च़ आणि झ़ यांना उकार दिला की कित्येक फॉन्टमध्ये टिंब आणि उकार एकमेकांवर चढतात. ‘च़ूक’ लिहिलं तर टिंब उकाराच्या पोटात दिसेनासं होतं. हे दुरुस्त करायला नवं अक्षर लागत नाही, असलेल्या फॉन्टमध्ये नुक्त्याची जागा थोडी सरकवावी लागते. पण फॉन्ट कुणाचा? संगणकाबरोबर आलेला किंवा विकत घेतलेला फॉन्ट आपल्याकडे आहे म्हणजे तो उघडून बदलून वाटायचा हक्क मिळाला, असं नाही. मी आधी तसं धरून चालले होते. मग परवाना वाचायला शिकले. ‘एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स’ नावाचा एक परवाना आहे, सध्याची त्याची आवृत्ती २००७ची. त्याखाली दिलेला फॉन्ट वापरता येतो, उघडता येतो, बदलता येतो, बदललेला वाटताही येतो. अटी समजण्यासारख्या आहेत: नुसता फॉन्ट विकायचा नाही, परवान्याचा मजकूर बरोबर ठेवायचा, बदललेला फॉन्टही त्याच परवान्याखाली द्यायचा, आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर आपल्या आवृत्तीला वेगळं नाव द्यायचं. शेवटची अट मला विशेष पटते. माझ्या हातून नुक्ता वाकडा बसला तर त्याचं खापर मूळ फॉन्ट घडवणाऱ्यावर फुटू नये. मुक्ता आणि नोटोसारखी चांगली देवनागरी फॉन्टकुटुंबं याच परवान्याखाली आहेत, तेव्हा सुरुवात शून्यातून करावी लागत नाही. मी तशाच एका फॉन्टमध्ये नुक्ता सरकवला, नाव बदललं, परवाना जोडला आणि आमच्या मंडळींना दिला. इतक्या शांतपणे आणि निर्धोकपणे एखादी गोष्ट वाटता येते, याचं समाधान मला शब्दांत सांगता येत नाही.

हस्ताक्षराचा फॉन्ट करण्याविषयीही आपल्या मजकुरात होतं. ते काम गोड आहे, जरूर करावं. पण देवनागरीत ते इंग्रजीसारखं सव्वीस अक्षरांत संपत नाही हे आधीच सांगायला हवं. स्वर, व्यंजनं, काना मात्रा झाल्यावर अर्धी अक्षरं येतात, मग क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्ध, द्य, ह्म, रफार, आणि लांब-आखूड वेलांट्या. कोणतं अक्षर कोणाशेजारी कसं बदलतं याचे नियम फॉन्टच्या आत लिहावे लागतात. चित्रं काढणं हे त्यामानाने सोपं. एका गृहस्थांनी आईच्या जुन्या पत्रांतून तिचं अक्षर उतरवून काढलं, पण जोडाक्षरांचे नियम राहिले, आणि ‘विद्या’ हे तिचं नावच त्या फॉन्टमध्ये पाय मोडलेल्या दने लिहिलं जात होतं. नंतर त्यांनी तो एक द्य खास तिच्यासाठी घातला. मला तो फार आवडला.

तेव्हा माझी आपल्याला एवढीच विनंती आहे. पुरवणीत हा विषय पुन्हा आला, आणि तो यावा, तर ‘फाइल पाठवून द्या’च्या जागी चार ओळी जास्त द्या: आधी अक्षर जोडून होतं का पाहा, इंग्रजी अक्षराच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही ठरलेल्या अक्षराच्या जागेवर आपलं बसवू नका, खासगी पट्टा वापरलात तर क्रमांकांची यादी बरोबर द्या, आणि ज्या फॉन्टवर काम करता त्याचा परवाना वाचा. शाळकरी मुलं आपली पुरवणी वाचतात. त्यांच्यातलं कुणीतरी आत्ता ई००० वर आपलं पहिलं अक्षर काढत असेल, आणि ते वाचता यावं असं कुणीतरी दुसरीकडे असेल.

माझ्या जुन्या पुस्तिका मी सध्या दुरुस्त करते आहे. छत्तीस खासगी अक्षरं, प्रत्येकाच्या जागी व्यंजन, नुक्ता आणि मात्रा, असं छत्तीस वेळा शोधून बदलणं. बहुतेक झालं आहे. काल तिसऱ्या पुस्तिकेत ‘च़ोर’ सापडला, एका तळटीपेत, अजून चौकोनातच होता. तो सोडवला. पुढच्या आठवड्यात चौथी घेते.

आपली,
एक मराठी शिक्षिका